यीस्टमधील जनुकप्रवर्धन आणि डीएनए-दुरुस्तीची जनुके: सोलापुरातील प्रयोगशाळेत करता येण्याजोगा एक प्रयोग

डाळिंबाच्या तेल्या रोगावर किंवा द्राक्षाच्या केवड्यावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला मोरचूद काय करते हे वेगळे सांगावे लागत नाही. चुन्याच्या निवळीत कालवलेल्या त्या निळ्या खड्यांतील तांबे रोगकारक बुरशीला आणि जिवाणूंना मारते, हे त्याने हंगामामागून हंगाम पाहिलेले असते. यीस्ट ही एकपेशीय बुरशीच आहे आणि पिकलेल्या फळांच्या सालीवर तिचा वावर असतो, त्यामुळे हे तांबे तिच्याही वाट्याला येते. ज्या पेशीत कप१ या जनुकाच्या प्रती जास्त असतात, ती पेशी जास्त तांबे सोसते. एखाद्या जनुकाच्या प्रती अशा वाढत जाण्याला जनुकप्रवर्धन म्हणतात. या वाढीत डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांचा हात किती आणि कसा असतो, हे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातांनी तपासता यावे, यासाठी हा लेख लिहिला आहे.

कप१ पासून तयार होणारे प्रथिन अवघे ६१ अमिनो आम्लांचे आहे. त्यातील १२ सिस्टीनांचे गंधक तांब्याला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे मोकळे तांबे पेशीत धुमाकूळ घालू शकत नाही. हे जनुक आठव्या गुणसूत्रावर असते. १९८२ साली फोगेल आणि वेल्श यांनी दाखवून दिले की तांब्याला दाद न देणाऱ्या वाणांमध्ये सुमारे २,००० बेस-जोड्यांचे एकक एकापुढे एक असे अनेकदा आलेले असते, आणि प्रतिकार हा या प्रतींच्या संख्येवर अवलंबून असतो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या वाणांत अशा साधारण दहा ते पंधरा प्रती आढळतात. वैद्यकाच्या दृष्टीनेही हा विषय जवळचा आहे. मेथोट्रेक्सेट या औषधाला न जुमानणाऱ्या पेशींमध्ये त्या औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिन बनवणाऱ्या डीएचएफआर जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, हे रॉबर्ट शिम्के यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवले होते. स्तनाच्या कर्करोगातील हर२ जनुकाची तपासणी आज मोठ्या रुग्णालयांत नेमाने होते, तीही प्रवर्धनाचीच तपासणी असते.

दुरुस्तीचा येथे संबंध कसा येतो, हे आधी नीट समजून घ्यावे. पेशी मुद्दाम प्रती वाढवत नाही. डीएनएची प्रतिकृती होत असताना दुहेरी धागा जेथे उलगडत जातो तो काटा (रेप्लिकेशन फोर्क) अडखळतो किंवा तुटतो, आणि मग दुरुस्तीची यंत्रणा तुटलेल्या टोकाशी जुळणारा क्रम शोधून त्याच्या आधाराने पुढचे लेखन पुरे करते. एकसारखी दहा-बारा एकके शेजारी शेजारी असली, की हे टोक आपल्या मूळ जागी न बसता एखादे एकक अलीकडे किंवा पलीकडे बसू शकते. ते अलीकडे, म्हणजे आधीच नकलून झालेल्या एककावर बसले तर ते एकक पुन्हा लिहिले जाते आणि प्रत वाढते. पलीकडे बसले तर मधले एकक गळते. दोन भगिनी-क्रोमॅटिडांमध्ये, म्हणजे प्रतिकृतीने झालेल्या गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रतींमध्ये, असमान अदलाबदल झाली तर एका कन्यापेशीला एक एकक जास्त मिळते आणि दुसरीला एक कमी. म्हणजे प्रवर्धन हे बहुतांशी दुरुस्तीचेच उपफल आहे. म्हणूनच दुरुस्तीचे जनुक काढून टाकल्यावर काय होते हा प्रश्न सार्थ ठरतो, आणि याच कारणाने तो फसवाही आहे, कारण दुरुस्ती नसलेली पेशी प्रती वाढवण्यात कमी पडते तशीच ती निव्वळ तगून राहण्यातही कमी पडते.

माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. रॅड५२ हे दुरुस्तीचे जनुक नसलेल्या वाणाच्या तांबेयुक्त डिशवर वसाहती कमी आल्या, म्हणून प्रवर्धन कमी झाले, असे वहीत लिहिले जाते. वसाहत वाचली एवढ्यावरून प्रती वाढल्या असे म्हणता येत नाही आणि वसाहत मेली यावरून प्रती वाढल्या नाहीत असेही म्हणता येत नाही. पुढील प्रत्येक पायरी ही चूक टाळता यावी अशीच रचली आहे.

कोणती जनुके निवडावीत

सगळी दुरुस्तीची जनुके एकदम हाताळू नयेत. रॅड हे नाव ‘रेडिएशन’ म्हणजे प्रारणावरून पडले आहे. साधारणपणे रॅड५० च्या अलीकडचे क्रमांक अतिनील किरणांना हळव्या असलेल्या वाणांतून आले आणि रॅड५० पासूनचे क्रमांक क्ष-किरणांना हळव्या असलेल्या वाणांतून. आपल्याला मुख्यतः दुसरा गट लागतो, कारण क्ष-किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडतात आणि त्या तुटीची दुरुस्ती हाच आपला विषय आहे.

रॅड५२ घ्यावेच. यीस्टमधील समजातीय पुनर्संयोजनाचे, म्हणजे जुळणाऱ्या क्रमाच्या आधाराने होणाऱ्या दुरुस्तीचे, जवळजवळ सर्व मार्ग त्याच्यावरून जातात. त्याच्या जोडीला रॅड५१ घ्यावे, कारण या दोघांमधील फरक फार बोलका आहे. रॅड५१ टोकाला जुळणाऱ्या दुहेरी धाग्यात शिरायला मदत करते. रॅड५२ तेवढ्यावर थांबत नाही; ते दोन एकेरी धागे एकमेकांवर बसवण्याचे काम रॅड५१ शिवायही करते. पुनरावृत्त एककांच्या रांगेत अशा प्रकारे धागे बसवले गेले की मधला भाग नेहमीच गळतो, म्हणजे प्रती घटतात. त्यामुळे रॅड५१ नसलेल्या वाणात घट होण्याचा मार्ग शाबूत राहतो आणि वाढ होण्याचा मार्ग अडतो. हा असमतोल दिसला तर प्रयोग नीट चालला आहे असे समजावे.

तिसरे जनुक पॉल३२. डीएनए पॉलिमरेज डेल्टाचा हा एक लहान घटक आहे आणि तो नसला तरी पेशी जगते, मात्र थंड तापमानात तिची वाढ खुंटते. एकाच टोकापासून लांबवर लेखन करत जाणाऱ्या दुरुस्तीला, म्हणजे तुटीतून सुरू होणाऱ्या प्रतिकृतीला, पॉल३२ लागते. २००८ साली फ्रान्समधील पायें, कोशूल, द्युजों आणि फिशर यांच्या गटाने गुणसूत्राच्या मोठ्या तुकड्यांच्या द्विरावृत्तीचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की रॅड५२ नसतानाही द्विरावृत्ती घडते, फक्त ती अगदी छोट्या जुळणाऱ्या क्रमांच्या आधाराने घडते. पॉल३२ मात्र त्या मार्गालाही लागते. रॅड५२ काढले की एक वाट बंद होते आणि पेशी दुसरी धरते, हे या एका निष्कर्षातून जितके स्पष्ट होते तितके अन्यत्र क्वचितच होत असेल.

एमआरई११ आणि साए२ ही जोडी तुटलेली टोके साफ करते. उलट दिशेने लिहिलेले दोन सारखे क्रम जवळजवळ असले, की तेथे डीएनए केसाच्या आकड्यासारखा दुमडतो आणि त्या ठिकाणी तुटला तर टोकावर बंद टोपी बसते. ही टोपी उघडण्याचे काम एमआरई११ चे संकुल साए२ च्या मदतीने करते. टोपी उघडली गेली नाही तर प्रतिकृतीनंतर आरशातल्या प्रतिमेसारखी जुळी रचना तयार होते आणि तिच्यातून प्रवर्धनाची साखळी सुरू होऊ शकते. लोबाचेव्ह आणि पीट्स यांच्या गटांनी २००६ मध्ये कप१ आणि एसएफए१ ही जनुके वापरून दाखवले की असे प्रवर्धन कोणते रूप घेईल हे तूट गुणसूत्रावर कोठे पडली आहे यावर ठरते. तथापि कप१ च्या सरळ रांगेवर काम करताना हा मार्ग मुख्य नसतो, म्हणून ही दोन जनुके दुसऱ्या फेरीसाठी ठेवली तरी चालेल.

उलट्या दिशेचा एक साक्षीदारही हवा. सग्स१ हे जनुक नसले की पुनरावृत्त क्रमांतील पुनर्संयोजन वाढते, त्यामुळे ते वाण घ्यावे. सर्वच वाणांत दर कमी होताना दिसत असेल, तर तो निष्कर्ष जनुकांमुळे आला की पद्धतीमुळे, हे त्याच्यावरून कळते.

राइबोसोमच्या डीएनएची बाराव्या गुणसूत्रावरील रांग, तिच्या १०० ते २०० प्रती, फोब१ आणि सिर२ या जनुकांचा खेळ, हे सारे फार सुंदर आहे. पण तेथे तांब्यासारखी सोपी निवड-कसोटी नाही, म्हणून सुरुवातीला ती रांग बाजूला ठेवावी.

वाण मिळाल्यावर पहिले काम

एकेक जनुक काढलेल्या वाणांचा संग्रह जगभर वापरला जातो. त्यात काढलेल्या जनुकाच्या जागी कॅनएमएक्स ही खूणगाठ असते आणि ती जी-४१८ या औषधाला प्रतिकार देते. वायपीडी (यीस्ट-अर्क, पेप्टोन आणि ग्लुकोज) या नेहमीच्या माध्यमावर दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम जी-४१८ पुरते. अमोनियम सल्फेट असलेल्या कृत्रिम माध्यमावर मात्र हे औषध नीट काम करत नाही, तेथे नत्रासाठी मोनोसोडियम ग्लुटामेट वापरावे. जनुक खरोखर गेले आहे हे पीसीआरने पाहावे. रॅड१ सारखे वाण घेतले असेल तर लॅमिनार (निर्जंतुक हवेच्या) कपाटातील अतिनील दिव्याखाली काही सेकंद ठेवूनही खात्री करता येते, पण नंतर डिश अंधारात वाढवाव्यात, कारण यीस्टमध्ये प्रकाशाच्या साहाय्याने अतिनील इजा दुरुस्त करणारे एन्झाइम असते आणि उजेडात निकाल पुसट होतो.

यानंतरचे काम बहुतेक जण वगळतात आणि ते वगळू नये, असे मी आग्रहाने सांगतो. तांब्याची एकही डिश ओतण्यापूर्वी प्रत्येक वाणातील कप१ च्या मूळ प्रती मोजाव्यात. जनुक काढताना पेशींवर जी प्रक्रिया होते तिच्यात आणि नंतरच्या पिढ्यांत पुनरावृत्त रांगांची लांबी बदललेली असू शकते, आणि काही वाणांत अख्खे गुणसूत्रच जादा असते. मूळ वाणात १२ प्रती आणि रॅड५२ नसलेल्या वाणात ७ प्रती असतील, तर पुढे दिसणारा फरक दुरुस्तीचा नसून सुरुवातीचाच असेल. शक्य असल्यास एकाच जनुकाची दोन वेगवेगळ्या उगमांची वाणे घ्यावीत.

बीवाय४७४१ आणि बीवाय४७४२ या दोन पायाभूत वाणांची सरमिसळही टाळावी. पहिल्यात मेट१५ हे जनुक नाही, त्यामुळे त्याच्या पेशींतून हायड्रोजन सल्फाइड अधिक निघतो आणि तांब्याशी संयोग पावून वसाहती तपकिरी दिसतात. अशा पेशीभोवती मोकळे तांबेही कमी उरते. तुलना नेहमी एकाच पायावरच्या वाणांत करावी.

माध्यम, तांबे आणि सोलापूरचा उन्हाळा

वायपीडीमधील पेप्टोन तांब्याला बांधून ठेवते, म्हणून निवडीसाठी २ टक्के ग्लुकोजचे कृत्रिम माध्यम घ्यावे. मोरचूद शेतीच्या दुकानातून आणू नये. त्यात लोहासारखी भेसळ असू शकते. विश्लेषणासाठीच्या दर्जाचे, पाच जलरेणू असलेले कॉपर सल्फेट घ्यावे. त्याचा रेणुभार २४९.७ आहे, म्हणून २.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर केले की १०० मिलिमोलरचे साठा-द्रावण होते. नळाचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरू नये. माध्यम ऑटोक्लेव्ह करून सुमारे ५५ अंशांपर्यंत निवल्यावर गाळून निर्जंतुक केलेले द्रावण त्यात मिसळावे. एक लिटर माध्यमात ४ मिलिलिटर घातले की ०.४ मिलिमोलर होते. बोर्डो मिश्रणाशी तुलना करायची तर १ टक्का मिश्रणात १०० लिटरला एक किलो मोरचूद, म्हणजे सुमारे ४० मिलिमोलर तांबे असते. पण चुन्यामुळे त्यातील बहुतेक तांबे अविद्राव्य होते, म्हणून या दोन आकड्यांची थेट सांगड घालू नये.

कोणती मात्रा वापरायची हे पुस्तकातून उचलू नये. ०, ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.२ आणि १.६ मिलिमोलरच्या डिश ओतून प्रत्येक वाणाचे दहापट विरलनाचे थेंब ठेवावेत. ज्या मात्रेवर मूळ वाणाच्या दहा लाख पेशींत एखादीच वसाहत येते, ती निवडीची मात्रा समजावी.

यीस्टला ३० अंश तापमान हवे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद खोलीतील साधे इन्क्युबेटर, ज्याला केवळ तापवता येते, ते ३० अंशांवर उतरूच शकत नाही. त्यामुळे थंड करण्याची सोय असलेले बीओडी इन्क्युबेटरच घ्यावे. वीज गेल्यावर आतील तापमान किती वर गेले याची नोंद होईल असा थर्मामीटर आत ठेवावा. उष्णतेने दुरुस्ती नसलेली वाणे मूळ वाणापेक्षा अधिक कोमेजू शकतात, आणि एका दुपारच्या खंडित विजेने आठवड्याचे आकडे बिघडतात. डिशचेही तसेच आहे. कोरड्या हवेत आगर आटते आणि तांब्याची मात्रा वाढते. प्रत्येक डिशमध्ये मोजून २५ मिलिलिटर माध्यम ओतावे, सुकल्यावर पिशवीत बंद करून शीतकपाटात ठेवावे, आणि एका तुलनेतील सर्व वाणांना एकाच दिवशी ओतलेल्या डिश द्याव्यात.

उरलेली तांब्याची द्रावणे मोरीत ओतू नयेत. चुना घालून तांबे खाली बसवावे आणि गाळ रासायनिक कचऱ्यात द्यावा.

समांतर कल्चर आणि दर काढणे

एकाच मोठ्या फ्लास्कमधून पेशी पसरून मोजणी करू नये. प्रती वाढलेली पेशी फ्लास्कमध्ये लवकर जन्मली तर तिचे वंशज हजारोंनी निघतात, उशिरा जन्मली तर दोन-चारच. ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ साली जिवाणूंवर जी समांतर कल्चरांची चाचणी मांडली, तीच येथे लागू पडते. प्रत्येक वाणाची २४ छोटी कल्चरे घ्यावीत. प्रत्येक कल्चर काहीशे पेशींपासून सुरू करून २०० मायक्रोलिटरमध्ये पूर्ण वाढू द्यावे आणि सर्वच्या सर्व तांब्याच्या डिशवर पसरावे. याशिवाय तीन-चार जादा कल्चरे वाढवून ती विरल करून तांबे नसलेल्या डिशवर पसरावीत, म्हणजे जिवंत पेशींची संख्या मिळते. रॅड५२ नसलेल्या वाणात मेलेल्या पेशी बऱ्याच असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालची किंवा गढूळपणाची मोजणी येथे चालणार नाही.

समजा, प्रत्येक कल्चरमध्ये २ कोटी जिवंत पेशी आहेत आणि २४ पैकी ६ कल्चरांत एकही प्रतिकारक वसाहत आली नाही. शून्याचा वाटा ०.२५ होतो. त्याचा नैसर्गिक लॉगरिथम काढून चिन्ह बदलले की १.३८६ येते. त्याला २ कोटींनी भागले म्हणजे दर १० कोटी पेशींमागे सुमारे ७ घटना, असा दर मिळतो. शून्य वसाहतींची कल्चरे फारच थोडी किंवा फारच जास्त असतील तर ही रीत सोडून मध्यकावर आधारित रीत वापरावी.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की दाट पसरलेल्या पेशी तांबे शोषून घेतात आणि शेजाऱ्यांना वाचवतात. म्हणून एका डिशवर एक कोटीपेक्षा जास्त पेशी पसरू नयेत; त्याहून मोठे कल्चर दोन-तीन डिशवर वाटून पसरावे. शिवाय १०० ज्ञात प्रतिकारक पेशी त्याच दाटीत मिसळून त्यातील किती वसाहती उगवतात, हे प्रत्येक वाणासाठी पाहावे. दुसरी सावधगिरी अधिक खोल आहे. ल्युरिया-डेलब्रुक चाचणीत बदल निवडीपूर्वीच झालेला आहे असे गृहीत असते. पण २०१७ मध्ये जोनाथन हाउसली यांच्या गटाने दाखवले की तांब्याच्या संपर्कात कप१ वरून आरएनए लिहिला जाण्याचे प्रमाण (ट्रान्सक्रिप्शन) वाढते आणि त्यामुळेच त्या रांगेतील प्रतींचा बदलही वाढतो. त्याला, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपैकी एका, एच३ हिस्टोनवरील ५६ व्या लायसिनचे ॲसिटिलीकरण लागते. म्हणून तिसऱ्या दिवशी दिसलेल्या आणि सातव्या दिवशी दिसलेल्या वसाहती वेगळ्या रंगाच्या पेनाने खुणावून वेगळ्या मोजाव्यात. दर काढताना फक्त आधीच्या घ्याव्यात.

प्रती मोजणे

प्रत्येक वाणाच्या किमान २४ वसाहती, एका कल्चरमधून एकच, अशा निवडाव्यात. त्यांचे डीएनए स्थिरावलेल्या कल्चरमधून काढावे, कारण वेगाने वाढणाऱ्या पेशींत प्रतिकृतीच्या आरंभस्थानाजवळील भागाच्या प्रती तात्पुरत्या जास्त दिसतात. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे प्रती मोजणाऱ्या पीसीआरमध्ये, कप१ ची तुलना एकच प्रत असलेल्या ॲक्ट१ या जनुकाशी करावी. याशिवाय आठव्या गुणसूत्रावरचे, पण कप१ च्या रांगेबाहेरचे एखादे जनुक अवश्य घ्यावे. तेही दुप्पट दिसले तर रांग वाढलेली नसून सबंध आठवे गुणसूत्र जादा झाले आहे, आणि ती घटना दुरुस्तीची नसून गुणसूत्रांच्या वाटपातील चुकीची आहे. काहीच वाढलेले नसेल तर तांबे आत घेणाऱ्या सीटीआर१ मध्ये किंवा कप१ ला चालना देणाऱ्या एस१ मध्ये उत्परिवर्तन झाले असावे.

क्यूपीसीआरची मर्यादा आकड्यांतच ओळखावी. एका प्रतीच्या दोन झाल्या तर पीसीआरच्या एका आवर्तनाचा (फेरीचा) फरक पडतो आणि तो सहज दिसतो. पण १२ च्या १४ झाल्या तर फरक केवळ ०.२२ आवर्तनाचा असतो, आणि पिपेटच्या हातचुकीत तो बुडून जातो. म्हणून विद्यार्थ्यांनी शक्यतो एक-दोन प्रती असलेल्या वाणापासून सुरुवात करावी. लांब रांगेवरच काम करायचे असेल, तर त्या एककात छेदनजागा नसलेले रेस्ट्रिक्शन एन्झाइम वापरून सबंध रांग एका तुकड्यात कापावी आणि सदर्न ब्लॉट करावा, म्हणजे जेलवर वेगळ्या केलेल्या तुकड्यांतून खूण लावलेल्या डीएनएने हवा तो तुकडा ओळखावा. बारा प्रतींची रांग सुमारे २४ हजार बेस-जोड्यांची होते, आणि हा आकार साध्या आगरोज जेलवर नीट सुटत नाही. त्यासाठी पल्स्ड-फील्ड जेल, म्हणजे विजेची दिशा बदलत राहून मोठे तुकडे वेगळे करणारे जेल, लागते. ते जवळ नसेल तर जनुकसंचाचे सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेऊन वाचनांची खोली, म्हणजे तो भाग किती वेळा वाचला गेला, हे पाहणे हा आता परवडणारा पर्याय आहे.

आकड्यांचा अर्थ

प्रवर्धनाचा दर म्हणजे प्रतिकाराचा दर गुणिले तपासलेल्या वसाहतींतील प्रवर्धित वसाहतींचा वाटा. समजा, मूळ वाणात २४ पैकी २० वसाहतींत कप१ वाढले आहे आणि रॅड५२ नसलेल्या वाणात २४ पैकी ३. अशा वेळी दोन्ही वाणांचा प्रतिकाराचा दर सारखा असला तरी प्रवर्धन जवळपास सातपटीने घटलेले असते. वसाहती मोजून थांबलेल्याच्या हाती येथे काहीच लागत नाही. याउलट दर दहापटीने घटला आणि प्रवर्धित वसाहतींचा वाटा तोच राहिला, तर त्या वाणाच्या पेशी दोन तास तांब्यात ठेवून किती जगतात ते आधी पाहावे. एका प्रतीच्या पेशीला तांबे ऑक्सिडीकारक इजाही करते, आणि ती इजा भरून न काढता आल्यामुळेच जर त्या मेल्या असतील, तर या प्रयोगाने प्रवर्धनाविषयी काही सिद्ध होत नाही.

शेवटी प्रत्येक प्रकारच्या काही वसाहती, पहिल्याच वाढीतून ग्लिसरॉलमध्ये गोठवून, मग तांबे नसलेल्या माध्यमात वाढवाव्यात. रोज हजारपट विरल केले की दिवसाला सुमारे दहा पिढ्या होतात. पाच दिवसांनी, म्हणजे पन्नासेक पिढ्यांनंतर, प्रती पुन्हा मोजाव्यात. गुणसूत्राबाहेर सुटे राहिलेले तुकडे, ज्यांना गुणसूत्रबिंदू नसतो, ते तांब्याचा दाब गेल्यावर लवकर हरवतात. जादा आलेले आठवे गुणसूत्रही बऱ्याचदा गळते. गुणसूत्रातच एकापुढे एक बसलेली रांग सावकाश आखडते, आणि तिच्या आखडण्याचा वेग रॅड५१ नसलेल्या व रॅड५२ नसलेल्या वाणांत वेगळा यायला हवा. तो फरक दिसला, तर सुरुवातीला मोजलेली वाढ कोणत्या दुरुस्तीतून आली याचा दुसऱ्या बाजूने पुरावा मिळतो.